शहाण्याने आधी तारीख बघावी

अमेरिकेत नोकरीवरून काढून टाकलेल्या माणसाने मालकावर खटला भरावा का? बहुतेकांनी भरू नये. काहींनी भरलाच पाहिजे. आणि चीड येते ती याची, की ज्यांनी भरायला हवा तेच कंपनीने पुढे केलेल्या कागदावर दुसऱ्या दिवशी सही करून मोकळे होतात. ज्यांच्या हाती कायद्याचं काहीच नाही, ते मात्र वर्षभर वकिलांचे उंबरे झिजवतात.

हा प्रश्न आता आपल्या घरातला आहे. एडिसन, सॅन होजे, डॅलस, अटलांटा इथे नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींची नोकरी गेली की पहिला फोन कोथरूडला किंवा डोंबिवलीला येतो. इकडून सगळे एकच विचारतात, "असं कसं काढलं? कारण काय दिलं? नोटीस दिली की नाही?" इथल्या अनुभवाने पाहिलं तर हे प्रश्न रास्त आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगारकपातीला एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार ही किमान अट घातली. महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांविरुद्ध वेगळा कायदा केला. त्या वाटेवर खड्डे पुष्कळ आहेत, तारखांवर तारखा पडतात, आणि इंजिनिअर 'कामगार' ठरतो का यावरच वर्षं जातात. पण मालकाला 'कारण सांग' म्हणता येतं, ही जाणीव आपल्या हाडीमांसी आहे.

अमेरिकेतल्या खासगी नोकरीत तो हक्क नाही. ५० पैकी ४९ राज्यांत मूळ नियम 'ॲट-विल'चा आहे. करारात किंवा युनियनच्या समझोत्यात वेगळं लिहिलं नसेल, तर मालक कर्मचाऱ्याला कधीही काढू शकतो. नोटीस नाही, कारण नाही, चौकशी नाही. कर्मचारीही कधीही सोडून जाऊ शकतो, म्हणून दोघं बरोबरीचे, असं सांगितलं जातं. ही बरोबरी खोटी आहे. कर्मचारी गेला तर कंपनी दुसरा माणूस शोधते. कंपनीने काढलं तर माणसाचा पगार, घरच्यांचा आरोग्य विमा आणि कित्येकदा त्या देशात राहण्याची परवानगी, तिन्ही एकाच दिवशी धोक्यात येतात.

हा नियम कुठल्या विधिमंडळाने चर्चा करून केलेला नाही. होरेस वुड नावाच्या वकिलाने १८७७ साली मालक-नोकर संबंधांवरच्या ग्रंथात तो मांडला. त्याने आधाराला घेतलेले निवाडे त्याचं म्हणणं सिद्ध करत नाहीत, असा आक्षेप पुढे अभ्यासकांनी घेतला; तोवर न्यायालयांनी नियम उचलला होता. १८८४ साली टेनेसीत एक खटला गाजला. चॅटनुगा इथे रेल्वे कंपनीच्या अधिकाऱ्याने फर्मान काढलं होतं की पेन नावाच्या व्यापाऱ्याकडे जो नोकर खरेदी करेल त्याला कामावरून काढू. व्यापारी कोर्टात गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक चांगल्या कारणाने, कारणाशिवाय किंवा नीतीला सोडून असलेल्या कारणानेसुद्धा नोकराला काढू शकतो. नोकराने सामान कुणाकडून घ्यायचं यावरही मालकाची हुकमत चालली आणि न्यायालयाने तिला हरकत घेतली नाही. आज १४० वर्षांनंतरही नियमाचा गाभा तोच आहे. अपवाद तेवढे वाढले.

अपवाद नीट लक्षात ठेवावेत असे आहेत, कारण खटला उभा राहतो तो त्यांच्यावरच. सहकाऱ्यांनी मिळून पगाराबद्दल किंवा कामाच्या अटींबद्दल आवाज उठवला म्हणून काढणं १९३५ पासून बेकायदा आहे. वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून काढणं १९६४ च्या कायद्याने. चाळिशी ओलांडलेल्याला वयावरून काढणं १९६७ च्या कायद्याने. अपंगत्वावरून काढणं १९९० च्या कायद्याने. १९९३ च्या कायद्याने बाळंतपणासाठी, स्वतःच्या किंवा जवळच्या माणसाच्या गंभीर आजारासाठी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा दिली, पण ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाकडे आणि निदान वर्षभर काम केलेल्यालाच. यांपैकी कशाबद्दलही तक्रार केली म्हणून सूड उगवणं हेही स्वतंत्रपणे बेकायदा ठरतं. शिवाय अनेक राज्यांच्या न्यायालयांनी आणखी एक दार उघडलं. कॅलिफोर्नियात एका माणसाने विधिमंडळाच्या समितीपुढे खोटी साक्ष द्यायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. त्याची मालक होती एक कामगार संघटना. १९५९ साली न्यायालयाने ठणकावलं की कायदा मोडायला नकार दिला म्हणून कुणाला काढता येणार नाही.

आता या यादीत काय नाही ते बघा. 'अन्याय' नाही. साहेबाला तुमचा चेहरा आवडत नव्हता, हे बेकायदा नाही. तुमच्या जागी त्याने मित्राला आणलं, तुमच्या कामाचं श्रेय दुसऱ्याला दिलं, १५ वर्षांच्या सेवेनंतर दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर निरोप दिला, यातलं काहीही बेकायदा नाही. ते क्रूर आहे, नीच आहे. पण अमेरिकन न्यायालय त्याबद्दल एक डॉलरही देणार नाही. ज्याच्या मनात फक्त अपमानाची आग आहे आणि हातात बेकायदा कारणाचा पुरावा नाही, त्याने खटल्याच्या वाटेला जाऊ नये. ती आग खरी आहे, हे मी पुन्हा सांगतो. पण ती विझवायला न्यायालय बसलेलं नाही.

आता हिशेब मांडू. समजा, वर्षाला १ लाख २० हजार डॉलर पगार होता. महिन्याला १० हजार. बेकायदा काढल्याचं सिद्ध झालं तर बुडालेला पगार मिळतो, पण कर्मचाऱ्याने नवी नोकरी शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा असतो आणि नव्या नोकरीची कमाई भरपाईतून वजा होते. तीन महिन्यांत तेवढ्याच पगाराची नोकरी मिळाली, तर बुडालेला पगार ३० हजार. वकील बहुधा फी आधी घेत नाही, मिळालेल्या रकमेतला हिस्सा घेतो. तो तिसऱ्या भागापासून ४० टक्क्यांपर्यंत असतो. ४० टक्के धरले तर १२ हजार गेले. साक्षींच्या नोंदी, तज्ज्ञांची फी हा खर्च वेगळा. उरलेल्यावर कर आहे, कारण शरीराला इजा झाली नसेल तर मनस्तापाची भरपाईसुद्धा करपात्र असते. आणि हे सगळं दोन-तीन वर्षांनी. जो लवकर सावरला, त्याची भरपाई घटते. हुशार, कामसू माणसाने केवळ बुडालेल्या पगारासाठी लढणं बहुधा आतबट्ट्याचं ठरतं.

मनस्ताप आणि दंडाची भरपाई मोठी असते ना? चित्रपटांतून तसं वाटतं. १९९१ साली संसदेने त्यावर मर्यादा घातली. १५ ते १०० कर्मचाऱ्यांच्या कंपनीत दोन्ही मिळून जास्तीत जास्त ५० हजार डॉलर. ५०० पेक्षा मोठी कंपनी असेल तर ३ लाख. लाखभर माणसं नोकरीला असलेल्या कंपनीलाही तेच ३ लाख. गेल्या तीन दशकांत महागाई कुठल्या कुठे गेली, हे आकडे तिथेच आहेत. संसदेला याची लाज वाटायला हवी. वंशभेदाच्या दाव्याला यादवी युद्धानंतरच्या एका जुन्या कायद्याचा आधार घेता येतो आणि त्यात ही मर्यादा लागत नाही. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया यांच्या राज्य-कायद्यांतही ती नाही. म्हणून खटला कोणत्या कायद्याखाली भरला, यावर निम्मा निकाल ठरतो.

लिली लेडबेटर यांचं प्रकरण प्रत्येक नोकरदाराला माहीत असावं. अलाबामातल्या गॅड्सडेन इथे गुडइयरच्या टायर कारखान्यात त्या १९७९ पासून होत्या, पुढे पर्यवेक्षक झाल्या. निवृत्ती जवळ आली तेव्हा कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली. तिच्यात बरोबरीच्या पुरुषांचे पगार होते. लेडबेटर यांना महिन्याला ३,७२७ डॉलर. त्याच पदावरच्या सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६. ज्युरीने ३० लाखांहून अधिक डॉलर देऊ केले. मर्यादेमुळे ते ३ लाख ६० हजारांवर आले. मग २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की पगाराचा भेदभावी निर्णय झाल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती, म्हणून काहीच मिळणार नाही. जो भेदभाव त्यांच्यापासून लपवून ठेवला होता, त्याची तक्रार त्यांनी वेळेत का केली नाही, हा न्यायालयाचा प्रश्न! २००९ साली त्यांच्या नावाने कायदा झाला आणि प्रत्येक भेदभावी पगारापासून मुदत नव्याने मोजली जाऊ लागली. देशभरातल्या बायकांना त्याचा लाभ झाला. लेडबेटरबाईंना गुडइयरकडून शेवटपर्यंत काही मिळालं नाही.

या प्रकरणातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, मुदत. संघराज्याच्या समान रोजगार आयोगाकडे तक्रार करायला १८० दिवस मिळतात. राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तिथे ३००. जॉर्जियात खासगी नोकरदाराला १८०च. आयोगाने खटल्याची परवानगी देणारं पत्र दिलं की पुढचे ९० दिवस, त्यात न्यायालयात गेलं नाही तर दावा संपला. कामाच्या जागेच्या सुरक्षिततेबद्दल तक्रार केली म्हणून काढलं असेल, तर संघराज्याच्या कायद्यात फक्त ३० दिवस. न्यू जर्सीत भेदभावाच्या दाव्याला दोन वर्षं, पण गैरप्रकार उघड केल्याबद्दलच्या दाव्याला एकच वर्ष. घरच्या सल्ल्याने 'जरा शांत होऊ दे, मग बघू' म्हणत बसलेल्याचा दावा इथेच मरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पगाराबद्दल बोलणं. पगार गुप्त ठेवायचा हा शिष्टाचार मालकाच्या सोयीचा आहे. अमेरिकेत पर्यवेक्षक नसलेल्या बहुतेक खासगी कर्मचाऱ्यांना आपसांत पगाराची चर्चा करण्याचा कायदेशीर हक्क आहे. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात घरांच्या किमती आपण मोकळेपणाने बोलतो. पगारही बोला.

आता पुराव्याकडे. कंपनीला कारण द्यायची सक्ती नाही, तरी मोठी कंपनी कारण तयार ठेवते. सहा महिने आधी परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन येतो, दर आठवड्याला ईमेल येतात, आणि शेवटी 'कामगिरी असमाधानकारक' हा शेरा. १९७३ च्या मॅकडॉनल डग्लस खटल्यापासून पद्धत अशी आहे: आधी कर्मचाऱ्याने भेदभावाचा संशय उभा करायचा, मग कंपनीने वैध कारण सांगायचं, मग ते कारण बनावट असल्याचं कर्मचाऱ्याने दाखवायचं. तो खटला पर्सी ग्रीन या कृष्णवर्णीय मेकॅनिकचा. त्याच्या नावे दिलेल्या निवाड्यावर आजही हजारो खटले चालतात. प्रकरण खाली परत गेल्यावर तो स्वतः मात्र हरला.

भेदभाव सिद्ध करणं कठीण, कारण साहेबाच्या मनात काय होतं ते दाखवावं लागतं. सूड दाखवणं त्या मानाने सोपं. मार्चमध्ये लेखी तक्रार केली, फेब्रुवारीपर्यंतचे सगळे शेरे उत्तम, आणि एप्रिलमध्ये काम अचानक असमाधानकारक: हे ज्युरीला कळतं. समान रोजगार आयोगाकडे अलीकडच्या वर्षांत येणाऱ्या तक्रारींपैकी सुमारे अर्ध्या तक्रारींत सूडाचा आरोप असतो, तो उगाच नाही. म्हणून नोकरीत असतानाच तक्रार लेखी करा आणि तिच्यात नेमकं लिहा की हा वागणुकीतला फरक मला वयावरून, लिंगावरून, गरोदरपणावरून किंवा मूळ देशावरून होतोय असं वाटतं. नुसतं 'साहेब नीट वागत नाहीत' लिहिलं तर कायद्याचं संरक्षण मिळत नाही. आपले लोक चहाच्या टेबलावर सगळं बोलतात आणि ईमेलमध्ये मोघम लिहितात. न्यायालय ईमेल वाचतं.

मात्र पुरावा गोळा करताना हात स्वच्छ ठेवा. टेनेसीतल्या एका बाईंनी वयावरून काढलं जाईल या भीतीने कंपनीचे गोपनीय कागद घरी नेले होते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा जिवंत ठेवला, पण अशा वर्तनामुळे भरपाई कापली जाऊ शकते हेही ठरवलं. कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. काय घडलं, कोण होतं, कोणती तारीख, हे घरच्या वहीत लिहा. संभाषण ध्वनिमुद्रित करण्याआधी राज्याचा कायदा बघा. न्यू जर्सीत बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, कॅलिफोर्नियात गोपनीय संभाषणाला सर्वांची लागते.

आणखी एक खड्डा रुजू होतानाच खणून ठेवलेला असतो. पहिल्या दिवशी संगणकावर पटापट सह्या केल्या, त्यात लवादाचा करार होता. त्याचा अर्थ, वाद झाला तर न्यायालय नाही, ज्युरी नाही, बंद खोलीत लवाद. सहकाऱ्यांनी एकत्र दावा करण्यालाही त्यात मनाई असू शकते, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई वैध ठरवली. २०२२ च्या कायद्याने लैंगिक छळाची प्रकरणं त्यातून सोडवली. बाकीच्यांचं दार बंदच राहिलं. या एका कलमाने कामगारांचं जेवढं नुकसान केलं, तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने केलं असेल.

एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांची कोंडी याहून मोठी. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस. त्यात नवा मालक शोधायचा, व्हिसाचा प्रकार बदलायचा किंवा देश सोडायचा. खटला भरल्याने हे घड्याळ थांबत नाही. म्हणून यांच्यासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिलं काम नवा मालक, दुसरं काम हक्क जपून ठेवणं. पण घाबरवणाऱ्यांचं ऐकू नका. मालकावर दावा केला म्हणून कुणाचं ग्रीन कार्ड नाकारता येत नाही. भेदभावाविरुद्धचे कायदे व्हिसावरच्या माणसालाही लागू आहेत. ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेली आय-१४० ही याचिका मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील, तर मालकाने ती मागे घेतली तरी रांगेतली तारीख जात नाही. व्हिसाच्या मुदतीआधी काढलं तर मायदेशी परतायचा रास्त प्रवासखर्च देणं मालकावर बंधनकारक आहे. आणि बेंचवर बसवून पगार थांबवणं सरळ बेकायदा आहे. काम नसणं ही कंपनीची अडचण. पगार चालूच राहायला हवा. त्याची तक्रार कामगार खात्याच्या वेतन विभागाकडे १२ महिन्यांत करता येते, वकिलाशिवाय, फुकट. बेंचचा पगार बुडवणाऱ्या सल्लागार कंपन्या कित्येकदा आपल्याच लोकांच्या असतात. 'आपला माणूस आहे, कशाला तक्रार' ही भीड सोडा.

हीच गोष्ट मोटेलच्या खोल्या आवरणाऱ्या बाईची, किराणा दुकानाच्या मागे पेट्या उचलणाऱ्या मुलाची. यांचा पगार कमी, म्हणून बुडालेली रक्कम लहान, म्हणून टक्केवारीवर चालणारा वकील त्यांना उभं करत नाही. पण आठवड्याला ४० तासांपुढच्या कामाला दीडपट पगार हा १९३८ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. बुडवलेली रक्कम दुप्पट करून मागता येते आणि जिंकल्यास वकिलाची फी मालकाला द्यावी लागते. मुदत साधारण दोन वर्षं, जाणूनबुजून बुडवलं असेल तर तीन. अशा माणसाने राज्याच्या किंवा संघराज्याच्या कामगार खात्याकडे जावंच.

आणि कायद्याचा आरसा आपल्याकडेही वळतो. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क यंत्रणेने सिस्कोवर दावा लावला, एका दलित इंजिनिअरला वरच्या जातींच्या भारतीय वरिष्ठांनी जातीवरून भेदभावाने वागवल्याच्या आरोपावरून. २०२३ साली दोन वरिष्ठांविरुद्धचा भाग यंत्रणेने मागे घेतला, म्हणून आरोप सिद्ध झाला असं म्हणता येणार नाही. पण त्याच वर्षी सिएटल शहराने जातिभेदाला स्पष्ट बंदी घातली. परदेशात मूळ देशाच्या नावाने न्याय मागायचा आणि ऑफिसात आडनावावरून माणूस जोखायचा, हे चालणार नाही.

मग खटला कुणी भरावा? चार गोष्टी जुळल्या तर भरावा. काढण्याचं कारण कायद्याने निषिद्ध असावं. त्याचा लेखी माग असावा. नुकसान मोठं असावं: वय पन्नाशीपुढे गेलं आहे आणि तेवढ्या पगाराची नोकरी पुन्हा मिळत नाही, किंवा बाळंतपणाची, आजारपणाची रजा मागितल्यावर संसारच कोलमडला आहे. आणि मुदत शिल्लक असावी. हे चारही असतील तर भीड नको. मन घट्ट मात्र करावं लागेल, कारण मनस्तापाची भरपाई मागितली की डॉक्टरकडच्या नोंदी प्रतिपक्षापुढे उघडाव्या लागू शकतात आणि खटल्यातलं नाव सार्वजनिक नोंदीत राहतं. बहुतेक प्रकरणं ज्युरीपर्यंत जात नाहीत, वाटेत तडजोड होते. ती तडजोड किती रकमेची, हे पुराव्यावर ठरतं.

चारांपैकी बेकायदा कारणच नसेल, तर खटला नको. पण कंपनीच्या कागदावर मुकाट सहीही नको. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपले वाडवडील सांगत आले. त्यांनी दिवाणी दाव्यांत जमिनी आणि पिढ्या गेलेल्या पाहिल्या होत्या, त्यांचं चुकलं नाही. पण वकिलाची पायरी चढू नये असं त्यांनी कधी सांगितलं नाही. कंपनी दोन महिन्यांचा पगार देऊ करते तो दयेपोटी देत नाही. बदल्यात तुमचे सगळे दावे सोडून घेते. तुमच्या सहीला किंमत आहे म्हणून ती पैसे मोजते. चाळिशीपुढच्या माणसाला वयाचा दावा सोडायला लावायचा असेल, तर कायद्याने २१ दिवस विचाराला द्यावे लागतात, सामूहिक कपातीत ४५, आणि सहीनंतरही ७ दिवसांत माघार घेता येते. न्यू जर्सीत १०० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीने मोठी कपात केली तर सेवेच्या दर वर्षामागे एक आठवड्याचा पगार २०२३ पासून कायद्यानेच द्यावा लागतो. तो हक्काचा आहे, त्यासाठी काही सोडावं लागत नाही. कर्मचाऱ्यांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाला तासाभराची फी देऊन तो कागद दाखवा. रक्कम वाढवून मागता येते, आरोग्य विम्याचे महिने मागता येतात, नोकरीची शेवटची तारीख पुढे ढकलून मागता येते. व्हिसावरच्या माणसाला ती तारीख पैशाहून मोलाची ठरू शकते.

एवढं करूनही मूळ अन्याय उरतोच, आणि तो एकेकट्याच्या खटल्याने जाणार नाही. मॉन्टाना या एका राज्याने १९८७ साली कायदा केला की उमेदवारीचा काळ संपल्यावर रास्त कारणाशिवाय कुणाला काढता येणार नाही. न्यूयॉर्क शहराने २०२१ पासून मोठ्या फास्ट फूड साखळ्यांतल्या कामगारांना तेच संरक्षण दिलं. बर्गर बनवणाऱ्या मुलाला जो हक्क मिळाला, तो त्याच शहरातल्या लाखो पदवीधरांना नाही, कारण ती मुलं संघटित झाली आणि पदवीधर झाले नाहीत.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या मंडळात वर्षातून एक संध्याकाळ नोकरीच्या कायद्यासाठी ठेवा, कर्मचाऱ्यांची बाजू लढणारा वकील बोलवा, आणि व्हिसावर नव्याने आलेल्या मुलांना पहिल्या रांगेत बसवा. मतं मागायला येणाऱ्या राज्याच्या प्रतिनिधीला विचारा की मॉन्टानात जे चालतं ते इथे का नको. आणि ज्याच्या हातात आज तो कागद पडला आहे, त्याने आज सही करू नये.